सीलर शास्त्री नगरचा, फिनिश सी-स्कीमचं

जनार्दन रंगारी यांच्यापाशी रंगकामातलं म्हणावं असं आडनावाखेरीज काहीही नव्हतं, आणि हे त्यांना साठाव्या वर्षी, निवृत्तीला अठरा दिवस उरले असताना, जयपूरच्या प्रताप नगरातल्या हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये एका जुन्या टेबलापुढे उकिडवं बसल्यावर कळलं. काही माणसांना गोष्टी उशिरा कळतात. जनार्दनरावांना त्या वरचा थर वाळल्यावर कळत.

खरं तर या बाबतीत चूक करण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. तेहतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या स्टोअर्समध्ये काढली होती. आलेला माल कागदावरच्या तपशिलाशी ताडून बघायचा आणि जुळला नाही तर परत पाठवायचा, एवढंच काम. नट एका कारखान्याचा आणि बोल्ट दुसऱ्याचा असला, की जनार्दनराव चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुरवठादार माल परत गाडीत चढवायला लागायचा. अशा माणसाने स्वतःच्या घरात दोन डबे आणले आणि एकाचं दुसऱ्याशी जमतं का, हे विचारलं नाही. ऑफिसात ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत कुणाला कळू दिली नाही.

टेबल सागवानी होतं, साधं, एका खणाचं. त्यांचे वडील नागपूरला अजनीत गँगमन होते. डेपोच्या लिलावातल्या जुन्या फळ्या आणून त्यांनी ते मुलाच्या अभ्यासासाठी करून घेतलं होतं. पुढे जनार्दनरावांच्या जिथे जिथे बदल्या झाल्या, तिथे तिथे ते गेलं. भुसावळ, रतलाम, अजमेर, आणि गेली चौदा वर्षं जयपूर. आता निवृत्तीनंतर नवराबायको नागपूरला परतणार होते. मुलगी सुवर्णा हिची नोकरी इथलीच, म्हणून ती राहणार होती. सामानाचा ट्रक ठरला होता. काय काय ठेवू, असं आई सुलोचनाबाईंनी विचारलं, तेव्हा सुवर्णाने फ्रिज मागितला नाही, कपाट मागितलं नाही. तिने टेबल मागितलं.

"आजोबांचं नाव आहे ना त्याच्यावर," ती म्हणाली. तिचं मराठी शाळेत न शिकलेलं, घरात ऐकून आलेलं. "पण पप्पा, ते मिटत चाललंय. उसपे कुछ लगवा दो ना. मतलब, ट्रान्सपरंट काहीतरी."

टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, फळीत खोल रुतेल इतकं दाबून, निळ्या बॉलपेनाने चार अंगुळं लांबीचं एक नाव लिहिलेलं होतं: पंडीत. जनार्दनरावांच्या वडिलांचं नाव पंडित. दुसरी वेलांटी त्यांची स्वतःची. पन्नाशीला आलेल्या या माणसाने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन एवढी तीन अक्षरं कमावली होती. वडिलांच्या हातचं लिहिलेलं दुसरं काही घरात नव्हतं. का नव्हतं, हे एकट्या जनार्दनरावांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी सुलोचनाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

तर कोपरा वाचवायचा होता. काम एका रविवारचं.

पहिला सल्ला समोरच्या फ्लॅटमधल्या शेखावतजींनी दिला. शेखावतजी बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरातल्या कामांवर देखरेख करत होते. "रंगारीजी, आप तो खानदानी आदमी हैं इस लाइन के," ते म्हणाले. आडनावाचा अर्थ त्यांनी चौदा वर्षांपूर्वी स्वतःच लावला होता आणि तो काढून घ्यायला ते तयार नव्हते. "फिर भी बता दूं, पहले सॅंडिंग सीलर, फिर रेगमाल, फिर क्लिअर फिनिश. और चीज़ अव्वल लीजिए. सीलर शास्त्री नगर से, फिनिश सी-स्कीम से." असं का, ते त्यांनी सांगितलं नाही. ज्याच्या सल्ल्याला कारणं लागत नाहीत असं माणूस प्रत्येक जिन्यावर एक असतंच.

जनार्दनराव शास्त्री नगरला गेले. प्रताप नगर शहराच्या एका टोकाला, शास्त्री नगर दुसऱ्या. दुकानदाराने सीलरचा डबा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "ऊपर क्या लगेगा?"

आता या गोष्टीतला कामाचा असा हा एकमेव प्रश्न होता. तो विचारणाराही योग्य होता, वेळही योग्य होती. पण जनार्दनरावांना वाटलं, हा उगाच चौकशा करतो आहे.

"ऊपर? ऊपर लड़की का लॅपटॉप आएगा," ते म्हणाले. "थोड़ी किताबें."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवून डबा पिशवीत घातला.

सी-स्कीम या उंची वस्तीतलं दुकान थंडगार होतं, आणि तिथल्या विक्रेत्याने टाय लावला होता. टायवाल्या माणसाला उलट प्रश्न विचारायचा नाही, हा जनार्दनरावांचा जुना स्वभाव. त्याने एक महाग क्लिअर फिनिश दाखवलं, एका डब्यात माल, दुसऱ्यात ते कडक करणारं हार्डनर, आणि म्हणाला की यावर उकळता चहा सांडला तरी काही होणार नाही. नीचे क्या लगा है, हे त्याने विचारलं नाही. शास्त्री नगरवाल्याने वरचं विचारलं होतं, याने खालचं विचारलं नाही, असा हिशेब सरळ झाला.

रविवारी जनार्दनरावांनी बनियनवर कामाला सुरुवात केली. सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा थर, त्यांनी ब्रशने लावला. कोपऱ्याजवळ येताच सीलरमधल्या थिनरच्या वासाबरोबर निळी शाई जरा हलल्यासारखी दिसली. वेलांटीची शेपटी केसभर पसरली. ते तसेच ब्रश हवेत धरून थांबले.

"काय झालं?" सुलोचनाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर मग श्वास काऊन रोखून राहिले?"

शेपटी तेवढ्यावर थांबली. पण भीती बसली ती बसलीच. आणखी पाणी नको, वारा नको, धक्का नको, म्हणून जनार्दनरावांनी नावावर सीलरचा एक थर जास्तच दिला. सगळं वाळल्यावर बाकी टेबलावर त्यांनी नियमाप्रमाणे रेगमाल, म्हणजे पॉलिश पेपर, फिरवला, गुळगुळीत केलं, धूळ पुसली. कोपऱ्यावर मात्र त्यांनी रेगमाल टेकवलासुद्धा नाही. सगळ्यांत जास्त काळजी जिथे घेतली, सगळ्यांत मोठा घोळ तिथेच झाला, हे पुढे दोन कंपन्यांच्या माणसांनी त्यांना वेगवेगळं येऊन सांगितलं. त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं, त्यामुळे त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

वरचं फिनिश बसलं आणि टेबल असं चमकलं की सुवर्णाने त्यात आपलं तोंड पाहिलं. नाव काचेखाली ठेवल्यासारखं ठसठशीत दिसत होतं. चार दिवस जनार्दनराव ऑफिसला जाताना आणि आल्यावर कोपऱ्याकडे बघून जात. पाचव्या दिवशी त्यांनी शेखावतजींना चहाला बोलावलं. मोठेपणा मिरवायची हौस त्यांना नव्हती, पण चौदा वर्षांत या माणसाच्या सल्ल्याने पहिल्यांदाच काहीतरी झालं होतं, ते त्याला दाखवणं माणुसकीला धरून होतं. शेखावतजींनी टेबल वाकून पाहिलं, मान डोलवली, आणि चहाचा वाफाळता कप नेमका उजव्या कोपऱ्यात ठेवला.

कप उचलला, तेव्हा खाली एक पांढरं वर्तुळ होतं.

"सूख जाएगा," शेखावतजी म्हणाले.

ते सुकलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तुळाचा ढग झाला, तिसऱ्या दिवशी तो ढग वितभर पसरला, आणि त्याच्याखाली नाव दिसेनासं झालं. आधी पंडीतमधला त गेला, मग वेलांटी, मग ड, मग पं. सुवर्णा ऑफिसातून आली आणि कोपऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने लॅपटॉप पलंगावर नेऊन ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग कंपन्यांना फोन सुरू झाले. सीलरच्या कंपनीचा फोन लावला, की लाकडासाठी दोन दाबा म्हणायचा, दोन दाबलं की भिंतीच्या रंगाची जाहिरात ऐकवायचा. तिसऱ्या दिवशी एक मुलगी सापडली. तिने डब्याचा बॅच नंबर मागितला. तो झाकणावर होता, आणि झाकण सुलोचनाबाईंनी तुळशीच्या कुंडीखाली ठेवलं होतं. कुंडी हलवून नंबर दिला, तेव्हा कळलं की तो नंबर फिनिशच्या डब्याचा आहे. जनार्दनरावांनी माफी मागितली. पुरवठादारांना ते याच कारणावरून परत पाठवत आले होते.

शेवटी दोन्ही कंपन्यांची माणसं आली, एक सोमवारी, एक मंगळवारी. सीलरवाल्याने कोपरा नखाने टोकरला आणि सांगितलं, "हमारा माल तो लकड़ी पकड़ के बैठा है. छूटा है तो ऊपरवाला." फिनिशवाल्याने तोच कोपरा टोकरला आणि सांगितलं, "हमारी फिल्म देखिए, एकदम साबुत. नीचेवाले ने पकड़ा नहीं." दोघांचं म्हणणं खरं होतं. लवकर घासता यावं म्हणून त्या सीलरमध्ये साबणासारखं काहीतरी घातलेलं असतं, आणि हे फिनिश साबणावर उभं राहत नाही. घासलेल्या जागी ते थोडं तरी धरून राहतं. कोपरा तर घासलाच नव्हता, आणि वर सीलरचा जादा थर.

दोघांनीही लेखी अहवाल दिला. दोन्हीकडे शेवटचं वाक्य एकच होतं: उत्पादनात दोष आढळला नाही, अन्य पुरवठादाराच्या मालासोबत वापर केल्याने जबाबदारी घेता येत नाही. जनार्दनरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. तेहतीस वर्षांत त्यांनी ते शेकडो लोकांना पाठवलं होतं. आपल्याकडे ते आल्यावर कसं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

सुवर्णाने सीलरच्या डब्याचा फोटो काढून मोबाइलवर मोठा केला. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की यावर फक्त आमच्याच कंपनीचं फिनिश लावा.

"लग्न जमवताना मुलामुलीचं पटते का, हे विचारतात नं लोकं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुम्ही डबे आणून राहिले तर डब्यांचं विचारायचं नाही काय?"

ट्रकला चार दिवस उरले होते. आता एकच उपाय, असं शेखावतजी, दोन्ही कंपन्या आणि शास्त्री नगरचा दुकानदार या सर्वांचं एकमत झालं. मशीन लावून सगळं कोऱ्या लाकडापर्यंत घासायचं आणि नव्याने सुरू करायचं. नाव खोल असलं तरी शाई तेवढी खोल नव्हती. मशीनखाली ते जाणार, हे कुणी बोलून दाखवलं नाही, कारण तिथे कुणाचं नाव आहे हे जनार्दनरावांनी बाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ते टेबलापाशी बसले आणि सुलोचनाबाईंना सांगून टाकलं. ते अकरा वर्षांचे असताना, एकदा पगाराच्या दिवशी बाबा घरी आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी अंगठा न लावता सही करून पगार घेतला होता. आनंद त्यांना आवरत नव्हता. मुलाच्या हातातला पेन घेऊन त्यांनी टेबलावर नाव लिहिलं, कारण कागद हरवतो. आणि जनार्दन नावाचा पाचवीतला हुशार मुलगा हसला. "बाबा, चुकलं. पंडितला पहिली वेलांटी. आणि टेबल खराब केलं." बाबाही हसले. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा अंगठा लावला, आणि सेवेत होते तोवर अंगठाच लावला.

"त्यांनी कधी सांगितलं नाही," जनार्दनराव म्हणाले. "मी कधी विचारलं नाही. पण मला माहीत होतं."

सुलोचनाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी बसून राहिल्या.

सकाळी त्यांनी सुवर्णाला सांगितलं की नाव बहुतेक राहणार नाही. "ठीक आहे पप्पा," ती म्हणाली, "टेबल तर राहील." ती समजूतदार होती, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

सांगानेरच्या रस्त्याला बनवारी जांगिड नावाचा सुतार होता. त्याच्याकडे टेबल पोहोचवून जनार्दनराव म्हणाले, "पूरा घिस दो." समोर उभं राहणं त्यांच्याने झालं नाही. घरी येऊन त्यांनी बांधलेली खोकी उगाच पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेबल आणायला गेले. टेबलावर जुनं धोतर पांघरलेलं होतं. बनवारीच्या चपला दुकानाच्या दारात होत्या, आणि तो भुशात अनवाणी उभा होता.

"बाबूजी, पहले बताते तो," तो हळू आवाजात म्हणाला आणि धोतर बाजूला केलं.

बाकीची सगळी फळी कोरी, फिकट, घासलेली होती. उजवा कोपरा तेवढा गडद होता, आणि त्यात निळ्या शाईत, शेपटी जराशी पसरलेली, तीन अक्षरं होती. बनवारीने मशीन सुरू करण्याआधी पांढऱ्या ढगाच्या कडेला पटाशीचं टोक घातलं होतं. दुधावरची साय निघावी तशी वरची सगळी फिल्म एकसंध निघून आली. खालचा सीलर जागचा हलला नव्हता. जे दोन थर एकमेकांशी पटले नाहीत, ते न पटल्यामुळेच नाव वाचलं होतं. सी-स्कीमचं फिनिश मन लावून चिकटलं असतं, तर त्याला उतरवायला मशीनच लागलं असतं.

"नीचे से पंडितजी का नाम निकला," बनवारी म्हणाला. "हाथ रुक गया. उस पर रेगमाल कैसे चलाता? पाप लगता."

जनार्दनरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मात्रा थोड़ी गलत है," बनवारीने खाली वाकून पाहिलं. "पर पंडितजी ने लिखा है तो कुछ सोचके ही लिखा होगा. किस मंदिर के थे?"

इथे गप्प बसता आलं असतं. नुसतं हो म्हणून टेबल टेम्पोत चढवता आलं असतं, आणि बनवारीने ते हात जोडून चढवलं असतं. जनार्दनरावांच्या मनात तो विचार येऊन गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या बापाच्या नावापुढे कुणी चपला काढून उभं आहे, हे दृश्य बघायला त्यांना साठ वर्षं लागली होती, आणि ते चुकीच्या पत्त्यावर आलेलं होतं.

"मंदिर के नहीं," ते म्हणाले. "मेरे पिताजी. नाम पंडित था. रेल्वे में गँगमन थे. पटरी ठोकते थे. इतना ही लिखना आता था."

बनवारीने नावाकडे पाहिलं, मग जनार्दनरावांकडे. त्याच्या चेहऱ्यावर वाईट असं काही नव्हतं. तो कामाच्या माणसासारखा विचार करत होता.

"अच्छा, नाम था बस," तो म्हणाला. "तो फिर इसे भी घिस दूं? बाकी से रंग मिल जाएगा."

"नहीं," जनार्दनराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "यह ऐसा ही रहेगा."

बनवारीने मान हलवली. चपला घालायला गेला नाही, राहून गेलं असेल. सीलरचा डबा जनार्दनरावांनी सोबत आणलेला होता, तो हातात घेऊन त्याने विचारलं, "ऊपर क्या लगेगा?"

या वेळी जनार्दनरावांना प्रश्न कळला.

"जो नीचेवाले से पटे," ते म्हणाले. "पूछके लगाना."

टेबल घरी आलं ते ट्रकच्या आदल्या दिवशी. सगळं फिकट, एक कोपरा काळपट, जुन्या कपड्याला ठिगळ लावावं तसं. शेखावतजींनी दारातूनच पाहून सांगितलं की रंग जुळलेला नाही, सी-स्कीममध्ये एक माणूस आहे. सुलोचनाबाईंनी दार लोटून घेतलं.

सुवर्णाने बॅग खांद्यावरून काढली, टेबलापाशी वाकली आणि बोट न लावता नावावरून बोट फिरवलं. अक्षरं ती हिंदीच्या जोरावर वाचत असे, एक एक करून.

"पं-डी-त," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पप्पा, ये मात्रा गलत है ना? पंडितला छोटी इ पाहिजे."

जनार्दनराव खोक्याला दोरी बांधत होते. त्यांनी गाठ पुरी मारली, उठून तिच्याशेजारी आले आणि चष्मा कपाळावर चढवून, माल तपासावा तसं, त्या नावाकडे नीट पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे."